गच्चीवरचं शेवाळ शोधायचं ते मे महिन्यात

जुलैत गच्ची हिरवी आणि निसरडी झाली की सोसायट्यांना वॉटरप्रूफिंगवाला आठवतो. तोवर वेळ गेलेली असते. ही हिरवळ पावसाने उगवली असं वाटतं, पण तिच्यातली बरीचशी उन्हाळाभर तिथेच असते. सुकलेली, काळपट आणि जिवंत.

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात निदान दोन वेगळे जीव असतात. पहिल्यांदा येतात ती नीलहरित शैवालं. सुकल्यावर त्यांचा काळा पापुद्रा होतो, ओला झाला की तो बुळबुळीत फुगतो. त्यावर धूळ धरली की मॉस येतं, म्हणजे मखमलीसारखी पसरणारी इवलीशी हिरवी वनस्पती. त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर कुठेही पोचतात. रुजल्यावर आधी रोप दिसत नाही, हिरव्या धाग्यांचं जाळं पसरतं. कोब्यावर कुणी हिरवा खडू घासावा तसा हा डाग दिसतो. पुढे त्याच धाग्यांवर कळ्या धरतात आणि जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची रोपं उभी राहतात.

मॉसला खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही नाहीत. बहुतेकांचं पान एका पेशीइतकंच जाड असतं आणि ते थेट अंगावरून पाणी पितं. हवा कोरडी पडली की तासाभरात तेही कोरडं. मात्र पेशींमध्ये साठलेली साखर आणि काही प्रथिनं पेशींची पटलं फाटू देत नाहीत, त्यामुळे मरण्याऐवजी सगळा कारभार थांबतो. पाणी मिळालं की काही मिनिटांत श्वसन सुरू होतं. इथे मॉसची खरी अडचण आहे. जाग आल्याबरोबर आधी दुरुस्तीचा खर्च होतो, त्यासाठी साठवलेली साखर जळते. प्रकाशसंश्लेषणातून नवी कमाई व्हायला वेळ लागतो आणि तो खर्च भरून निघेपर्यंत पान ओलं राहावं लागतं. पंधरा मिनिटांची सर आणि लगेच कडक ऊन असं वारंवार झालं तर मॉसचं दिवाळं निघतं. म्हणजे गच्ची किती वेळा भिजते याला महत्त्व कमी; भिजल्यावर किती वेळ ओली राहते, ते पाहायचं.

‘छताची उत्तर बाजू तपासा’ हा इंटरनेटवरचा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या उतरत्या छपरांसाठी आहे; तिथे भरदुपारी सूर्य कायम दक्षिणेला, म्हणून उत्तर बाजू ओली राहते. आपल्याकडचं ठाणे घ्या, ते साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य इथे डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. ऐन पावसात त्यामुळे दिशेने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो पाऊस ओसरल्यावर: ऑक्टोबरच्या शेवटी दक्षिणेच्या एक मीटर उंच कठड्याची सावली दुपारी बारालाही साठेक सेंटिमीटर पडते. म्हणून त्या कठड्याचा आतला पायथा आधी बघा. मग पाऊस-पाइपचं तोंड, टाकीच्या ओव्हरफ्लोखालची जागा, एसीचं पाणी ठिबकतं तो कोपरा आणि शेडच्या पत्र्याची पन्हळ गळते तिथली फरशी.

परीक्षा सोपी आहे. मे महिन्यात काळ्या डागावर चमचाभर पाणी टाका आणि दहापट भिंग धरा. आपल्याकडे चुन्या-सिमेंटच्या भिंतींवर हायोफिला इन्व्हॉल्युटा हे मॉस सर्रास असतं. सुकलं की त्याची पानं आत गुंडाळून नळीसारखी होतात. पाणी लागल्यावर ती बघता बघता उलगडतात आणि डाग काळ्याचा हिरवा होतो. डाग नुसता गडद झाला, ना हिरवा झाला ना बुळबुळीत, तर ती बहुधा काजळी किंवा धूळ समजा.

मॉस स्लॅब फोडतं, हा गैरसमज. त्याचे केसासारखे धागे फक्त धरून ठेवतात. नुकसान करते ती त्याने अडवलेली ओल आणि माती. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी नेमकं या मातीत रुजतं, आणि पिंपळाचं मूळ मात्र भेगा रुंदावतं. ‘पिंपळ उपटू नये, पाप लागतं’ म्हणून ते रोपटं ठेवणाऱ्यांना पुढे स्लॅबच्या दुरुस्तीचं बिल भरावं लागतं. दोन पानांचं असताना ते बोटांनी निघतं.

काढताना मॉस आधी ओलं करा. कोरडं खरवडलं तर तुकडे उडतात आणि तुकड्यातून नवं रोप होतं. नायलॉनच्या ब्रशने घासा, निघालेला गाळ पिशवीत भरा, पाइपमध्ये लोटू नका. मग लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून त्या जागेवर ओता, वीस मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. भेगांतून सळई दिसत असेल तर ब्लीचिंग नको, क्लोराइडने लोखंड गंजतं. कुंड्यांकडे किंवा पर्जन्यजलाच्या टाकीकडे ते पाणी जाऊ देऊ नका. टॉयलेटचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नुसतं ॲसिडही नको, ते सिमेंटच खातं.

‘दहा वर्षं शेवाळ येणार नाही’ म्हणणाऱ्या लेपापेक्षा आधी उतार मोजा: तीन मीटरला किमान तीन सेंटिमीटर. नव्या काँक्रीटचा सामू (pH, क्षारपणाचं माप) १२ च्या वर असल्याने त्यावर मॉस लवकर धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभागाचा सामू नऊच्या आसपास उतरला की रान मोकळं. पावसाआधी कठड्याच्या पायथ्याला चुना मारला की तोच क्षारपणा काही काळ परत येतो. जोराच्या सरींत तो धुपतो, तेव्हा दर वर्षी मारावा लागतो.