मराठवाड्यातून सप्तर्षी मावळतात

‘सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरत राहतात, कधी मावळत नाहीत’ असं वाक्य आकाशदर्शनाच्या लिखाणात नेहमी आढळतं. लंडनला ते खरं आहे. पण कार्तिकात रात्री नऊला नांदेडच्या किंवा बीडच्या गच्चीवरून उत्तरेला पाहा, सप्तर्षींचा पत्ता नसतो.

कारण साधं आहे. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या गावाचे अक्षांश. छत्रपती संभाजीनगरला ते जवळपास २०, नांदेड-बीडला १९, तर धाराशिवला सव्वाअठरा. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की साधारण ध्रुवापाशी पोचतो. ध्रुवापासून एवढ्याच अंतरात असलेले तारे इथे मावळत नाहीत. सप्तर्षींतला क्रतू ध्रुवबिंदूपासून २८ अंशांवर आहे आणि शेपटीच्या टोकाचा मरीची चाळिसाच्याही पलीकडे. म्हणजे आपल्याकडे न मावळणारं असं ध्रुवमत्स्याखेरीज (ज्यात ध्रुवतारा आहे तो छोटा तारकासमूह) फारसं काही उरतच नाही, आणि त्याचेही खालून जाणारे तारे धुळीत गडप होतात.

हे गणित इथल्या मातीला नवं नाही. गोदाकाठच्या पार्थपुरात, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या आजच्या पाथरीत, ज्ञानराजाने १५०३ साली ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास याने पुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. पाथरीजवळच्याच गोलग्रामचं एक ज्योतिषी घराणं काशीला गेलं. त्यातल्या कमलाकराचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ १६५८ चा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची (उभ्या काठीची) सावली मोजायची आणि तिच्यावरून अक्षांश काढायचे, ही या मंडळींची रोजची विद्या. पाथरीला ती सावली चार अंगुळांहून थोडी जास्त भरते. विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकतो आणि मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर, डोक्यावर येतो, हे तर सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथातच आहे.

मात्र ज्ञानराजाच्या काळचा ध्रुव आजच्याइतका जागचा नव्हता. पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो. त्यामुळे तेव्हा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. आज हे अंतर पाऊण अंशाच्याही आत आलंय. ‘अढळ’ हे विशेषण त्याला आपल्या पिढीत जास्त शोभतं, म्हणायचं! त्याचं ते फिरणं उपयोगीही पडे. पंधराव्या शतकातल्या पद्मनाभ या ज्योतिष्याच्या ध्रुवभ्रमयंत्रात फटीतून ध्रुवमत्स्याचे दोन तारे रोखून रात्रीची वेळ काढायची सोय होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची वेधशाळा हैदराबादला. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी ती उभारली, १९०८ मध्ये ती सरकारकडे आली. साऱ्या आकाशाचे फोटो घेऊन ताऱ्यांची सूची करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिच्याकडे आधी खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा होता. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचं काम अडल्यावर उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही दख्खनमधूनच पुरा झाला. अभिजित हा ठळक तारा याच पट्ट्यातला.

आता प्रत्यक्ष बघायचं तर सप्तर्षी माघात रात्री आठ-नऊला ईशान्येला वर यायला लागतात. चैत्र-वैशाखात रात्री दहाच्या आसपास ते ऐन उत्तरेला, क्षितिज आणि डोकं यांच्या मधोमध असतात. जुनी माणसं चौकोनाला बाज म्हणतात आणि मागच्या तीन ताऱ्यांना चोर. आषाढ-श्रावण ढगांत जातो आणि भाद्रपदात आभाळ उघडेपर्यंत बाज वायव्येला कलंडलेली असते. मग उत्तरेचं आकाश शर्मिष्ठा या तारकासमूहाकडे जातं. कार्तिक-मार्गशीर्षात तिचे पाच तारे रात्री नऊला उंचावर असतात, शेजारी वृषपर्वा, देवयानी आणि ययाती हे तारकासमूह. ध्रुव शोधायला त्या महिन्यांत तिचाच आधार घ्यावा लागतो, कारण ध्रुवाकडे नेणारी क्रतू-पुलह या सप्तर्षींतल्या दोन ताऱ्यांची रेघ तेव्हा जमिनीखाली असते. जागा निवडताना शहर आपल्या दक्षिणेला राहील असं बघा. इथे उत्तरेचं सगळं खालच्या आभाळात असतं आणि शहराचा उजेड आधी तिथलंच गिळतो.