सातबारा आणि स्त्रिया (विदर्भ)

गाव नमुना सात व बारा यांचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. विदर्भातील खेड्यांत वावर (शेत) कसणाऱ्या बाईचे नाव त्यावर बहुधा नसते. गावात तिचा शब्द का चालत नाही, याचे उत्तर ग्रामपंचायतीपेक्षा या कागदावर लवकर सापडते. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत (शेतीचा कारभार ज्यांच्या हाती, त्यांच्यात) स्त्रिया 13.87 टक्के होत्या.

वऱ्हाडात कापूस वेचणीचा आरंभ सीतादहीने होतो. घरची बाई वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवते, मग बाया कमरेला ओटी बांधून वेचायला लागतात. निंदणही त्यांचेच. गाडी जिनिंगला निघाली की मात्र काटापट्टी (वजनाची पावती) आणि चुकारा (मालाचे पैसे) खातेदाराच्या नावाने. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, सेवा सहकारी सोसायटीत नाव नाही. आणि बाजार समिती, जिल्हा बँक यांच्या राजकारणाची वाट तिथूनच जाते. ग्रामपंचायतीत उभे राहायला जमीन लागत नाही. तेथे राज्यात 2011 पासून निम्म्या जागा राखीव आहेत, बाया पोहोचल्याही; बायकोच्या नावाने कारभार करणारा नवरा, म्हणजे ‘सरपंचपती’, हा शब्दही त्याच वाटेने आला.

कायदा आड येतो असे नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये, केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. आड येते ते हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त. बाप गेला की बहिणींना दुय्यम निबंधकाकडे नेऊन सह्या घेतात. सही दिली नाही तर माहेर तुटते, दिवाळीला बोलावणे येत नाही. म्हणून ती दिली जाते. याला ‘राजीखुशी’ म्हणण्याची पद्धत आहे.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांची अडचण वेगळी. जमीन पुष्कळदा सासऱ्याच्या नावे असते, त्यामुळे नवऱ्यामागे फेरफारात (मालकीबदलाच्या नोंदवहीत) नोंदवायला काही उरत नाही. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील 505 विधवांची पाहणी केली, तेव्हा 40 टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता.

पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावणारी लक्ष्मीमुक्ती योजना राज्यात 1992 पासून आहे. त्यासाठीचा अर्ज पतीने करायचा असतो.