सिंधुदुर्ग जिल्हा : लोकसंख्या आणि प्रशासकीय रचना

सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा, गोव्याला लागून असलेला कोकणातला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून राज्यात ती सर्वांत कमी आहे. क्षेत्रफळ ५,२०७ चौ. किमी, म्हणजे दर चौ. किमी.ला जेमतेम १६३ माणसे. सुमारे साडेबारा टक्के लोकच शहरी भागात राहतात. जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही आणि सावंतवाडीसारख्या जुन्या संस्थानी शहराची वस्तीही २५ हजारांच्या आतच आहे.

पूर्वीचा रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून बांद्यापर्यंत पसरलेला होता. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि त्याचा मुलूखही त्याच जिल्ह्यात आला. सावंतवाडीकडच्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायची तर दीडशे किलोमीटरांहून जास्त घाटवळणे पार करावी लागत. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १ मे १९८१ रोजी, दक्षिणेकडचे तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला. नाव मालवणच्या जलदुर्गाचे मिळाले. मुख्यालय मात्र कुठल्याच तालुक्याच्या गावी न ठेवता कुडाळ तालुक्यातील ओरोस येथे वसवले, तीच सिंधुदुर्गनगरी. कार्यालये सुटली की तिथे फारशी वर्दळ उरत नाही.

देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग हे आठ तालुके आहेत. दोडामार्ग सर्वांत नवा, १९९९ मध्ये सावंतवाडीतून निघालेला. महसुली उपविभाग तीन, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. विधानसभेचे मतदारसंघ तीन (कणकवली, कुडाळ, सावंतवाडी). लोकसभेसाठी मात्र २००९ पासून रत्नागिरीशी पुन्हा सोयरीक जुळली आहे. सावंतवाडी, मालवण व वेंगुर्ला येथे नगरपरिषदा आहेत, तर इतर पाच तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती. उरलेला सगळा कारभार जिल्हा परिषद, आठ पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींचा.

गाव कागदावर एक, जमिनीवर मात्र वाड्यांमध्ये विखुरलेले असते. रस्ता, नळपाणी, अंगणवाडी या सगळ्यांची मागणी वाडीवार होते. तलाठ्याचे (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) खरे काम वारसनोंदींचे. सामायिक सातबाऱ्यावर नावांची रांग असते आणि त्यांतले कितीतरी जण लालबाग, परळ, भांडुप किंवा नालासोपाऱ्यात राहतात. एकाची सही राहिली की सगळ्यांचे काम अडते.

या जिल्ह्याची लोकसंख्या मुंबई वगळून समजतच नाही. १९९१ मध्ये ती ८,३२,१५२ होती, २००१ मध्ये ८,६८,८२५ झाली आणि पुढच्या दशकात सुमारे सव्वादोन टक्क्यांनी घटली. त्या दशकात राज्यातले तीनच जिल्हे आकसले : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. योगायोग वाटावा, पण तसा तो नाही. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातली चाकरमानी कुटुंबे कल्याण, डोंबिवली, विरारकडे सरकली. गावाकडची नवी पिढीही थेट तिकडेच उतरू लागली. पालघरसह असलेल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली.

स्त्री-पुरुष प्रमाणातही हेच दिसते. सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, तर मुंबई शहरात ८३२. मुलगा नोकरीला, सून आणि सासू गावच्या घरी, ही दोन-तीन पिढ्यांची रीत या दोन आकड्यांत उमटली आहे. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, तेव्हा चाकरमानी अर्थातच मुंबईत होते. गणपतीत मोजणी केली असती तर आकडा बराच वेगळा आला असता. मतदार यादीचे गणित निराळे. अनेकांनी नाव गावीच ठेवले आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवाराला मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीला हजेरी लावावीच लागते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे, म्हणजे त्या वर्षीच्या शिमग्याच्या आधीची.

राज्यकारभारातही मुंबईशी नाते टिकून आहे. कोकण विभागीय आयुक्तांचे कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे आणि महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. उच्च न्यायालयाचा रस्ता मात्र बदलला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाल्यापासून इथले पक्षकार घाट चढून तिकडे जातात.