पार्श्वभूमी : पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा

जून १८५६ मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस आजच्या इंडोनेशियातल्या बाली बेटाहून शेजारच्या लोम्बोक बेटावर पोहोचला. मधली सामुद्रधुनी चाळीस किलोमीटरचीही नाही, पण बालीत सर्रास दिसलेले तांबट आणि सुतार पक्षी इथे दिसेनात. उलट पांढरेशुभ्र, कर्कश ओरडणारे काकाकुवे समोर आले. आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांमधली जी सीमारेषा पुढे त्याच्या नावाने ओळखली गेली, तिची एक ठळक खूण म्हणजे हा पक्षी. हिमयुगात समुद्र शंभरेक मीटरनी उतरला तेव्हा बाली जावाला जोडले गेले. लोम्बोकची सामुद्रधुनी खोल, ती तशीच भरलेली राहिली. काकाकुवा बालीलगतच्या नुसा पेनिडा बेटापर्यंत आला, त्यापलीकडे फारसा सरकला नाही.

माणसांनी मात्र त्याला त्याआधीच कुठल्या कुठे नेले होते. तेराव्या शतकात इजिप्तच्या सुलतानाने पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला एक काकाकुवा भेट दिला. फ्रेडरिकच्या ससाण्यांवरच्या ग्रंथाची प्रत व्हॅटिकनमध्ये आहे, तिच्यात त्याची चित्रे आहेत. पक्षी हाच की याचा मोठा चुलतभाऊ, यावर वाद आहे. पण तो आला या बेटांच्याच परिसरातून. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने याला शास्त्रीय नाव दिले ते १७८८ साली, म्हणजे व्यापाऱ्यांनंतर तब्बल पाच शतकांनी.

सुलावेसी आणि लोम्बोकपासून तिमोरपर्यंतची बेटे हे त्याचे मूळ घर. लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. तुरा एरवी मागे चापून बसवलेला असतो. पक्षी दचकला किंवा चिडला की पिवळी पिसे ताडकन उभी राहतात. नर-मादी ओळखायचे तर डोळ्यांत पाहायचे: नराचे काळेभोर, मादीचे तांबूस. खरी अडचण घरट्याची. याला सुतारासारखी ढोली कोरता येत नाही, जुन्या मोठ्या झाडात आयती मिळाली तरच दोन-तीन अंडी घालायची. कोमोडो बेटावर तो ज्या झाडांत घरटी करतो त्यातले एक आपल्या ओळखीचे आहे: जंगली बदाम. मुंबईत फुलोऱ्याच्या दिवसांत ज्याच्याखालून नाक दाबून जावे लागते, तेच. अशी झाडे तुटली की पक्षी उरले तरी पिल्ले होत नाहीत.

तरीही त्याला खरा फटका बसला तो पिंजऱ्यांचा. १९८० ते १९९२ या काळात इंडोनेशियातून लाखभर पक्षी कायदेशीररीत्याच बाहेर गेले. चोरून गेलेले वेगळे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली २००५ मध्ये, म्हणजे बाजार रिकामा होत आल्यावर. मे २०१५ मध्ये जावातल्या सुराबाया शहराच्या बंदरात पोलिसांनी एकाला पकडले, तेव्हा त्याच्या सामानात पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांत कोंबलेले वीसेक जिवंत काकाकुवे निघाले. ते फोटो पाहून देशभर संताप उसळला आणि अनेकांनी घरचे काकाकुवे आणून सरकारच्या हवाली केले.

आज जंगलात हजार-दोन हजारच प्रौढ पक्षी उरले असावेत. जावा समुद्रातल्या चिमुकल्या मसाकाम्बिंग बेटावरची उपजात तर २००८ च्या सुमारास दहा-एकावर आली होती. त्यानंतर थोडी सावरली.

आणि याच जातीचे दोनशेच्या आसपास पक्षी हाँगकाँगच्या भर शहरात मोकळे उडतात. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांपुढे शरण जाण्यापूर्वी ब्रिटिश गव्हर्नर मार्क यंग यांनी आपले पक्षी सोडून दिले, त्यांचीच ही संतती, असे तिथे हौसेने सांगितले जाते. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा नाही. निसटलेले आणि सोडलेले पाळीव पक्षी हेच मूळ अधिक पटते. तिथेही ढोलींची टंचाई आहेच: वादळात पडतील म्हणून पालिकेचे लोक जुनी पोकळ झाडे कापतात, त्यामुळे विद्यापीठातल्या संशोधकांनी आता लाकडी पेट्या टांगून पाहायला सुरुवात केली आहे.