सोर्सवरून बिल्ड करणे

एखाद्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर, उतरवून घेऊन तो आपल्याच यंत्रावर कंपाइल करणे, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे, आणि तयार झालेल्या फाइली नेमलेल्या जागी बसवणे, या कामाला सोर्सवरून बिल्ड करणे म्हणतात. पुस्तकी मराठीत कंपाइल करण्याला ‘संकलन’ असा शब्द आहे. पण संकलन म्हटले की आधी सिनेमा आठवतो, त्यामुळे हे काम करणारी मंडळी कंपाइल, बिल्ड, इन्स्टॉल हेच शब्द वापरतात. या नोंदीतही तेच ठेवले आहेत. लिनक्स आणि युनिक्सच्या वळणाच्या इतर प्रणालींवर कमांड लाइनची बहुतेक साधने आज तयार पॅकेज, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या फाइलींचा गठ्ठा, म्हणून मिळतात, तरी सोर्सकडे वळण्याची वेळ अधूनमधून येतेच. ती वेळ आल्यावर काय काय घडते हे पाहायला गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, हे उदाहरण सोयीचे आहे. ते बहुतेक प्रोग्रॅमरांच्या रोजच्या हातातले आहे, आणि या कामातल्या जवळजवळ सगळ्या खाचाखोचा त्याच्या बिल्डमध्ये सापडतात.

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतले. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, काम तोवर बिटकीपर या त्याच प्रकारच्या पण खाजगी मालकीच्या प्रणालीवर चाले. कर्नलच्या मंडळींना असलेली तिच्या फुकट वापराची सवलत गेली आणि पर्याय शोधणे भाग पडले. त्याच वर्षीच्या जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. गिटच्या अगदी पहिल्या कमिटमध्येही, म्हणजे नोंदलेल्या पहिल्या बदलातही, मेकफाइल, म्हणजे ‘मेक’ या बिल्डच्या साधनासाठी लिहिलेली सूचनांची फाइल, आहे. तीत अवघे सात छोटे प्रोग्रॅम बांधायच्या सूचना आहेत. ती आवृत्ती आजच्या लिनक्सवर जशीच्या तशी बिल्ड करू गेल्यास फाइली कंपाइल होतात, पण लिंक करताना, म्हणजे ते तुकडे आणि लायब्ररी (इतरांनी लिहिलेली तयार फंक्शने) एकत्र जोडताना, गाडी अडते. लायब्ररींच्या यादीत झेडलिब (फाइली दाबण्याची) आणि क्रिप्टो (गूढलेखनाची) ही दोन नावे हाताने घातली की पुढे सरकते.

गरज का पडते

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पॅकेजमधली आवृत्ती जुनी असणे. सेंटओएस ७ ही सर्व्हरांवर खूप वापरली गेलेली प्रणाली २०१४ मध्ये आली आणि तिचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. या दहा वर्षांत तिच्या मूळ भांडारात गिटची १.८.३.१ हीच आवृत्ती राहिली. गिटमध्ये ‘वर्कट्री’ ही कमांड २०१५ साली २.५ मध्ये आली आणि ‘स्विच’ २०१९ साली २.२३ मध्ये. म्हणजे घरच्या लॅपटॉपवर बोटांना सवय झालेली कमांड सर्व्हरवर टाइप करावी, आणि अशी कमांडच नाही असे उत्तर यावे. प्रणालीच्या बाजूने पाहिले तर यात चूक काहीच नाही. दहा वर्षे न हलण्यासाठीच ती घेतलेली असते.

दुसरे कारण परवानगीचे. विद्यापीठाच्या किंवा कार्यालयाच्या सामायिक यंत्रावर रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाचा, अधिकार नसतो आणि पॅकेजे बसवणारा पॅकेज मॅनेजर रूटशिवाय चालत नाही. आपल्या होम डिरेक्टरीत बिल्ड करायला मात्र कोणाला विचारावे लागत नाही. तिसरे कारण, साधनातच बदल करून पाहायचा असणे.

मेक आणि कॉन्फिगर

‘मेक’ हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ साली लिहिला. त्याची जन्मकथा या धंद्यातल्या कोणालाही आपलीच वाटेल. स्टीव्ह जॉन्सन हे सहकारी एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहून गेली होती. आणि नसलेली चूक शोधण्यात अख्खी सकाळ गेली होती. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे लिहून ठेवायचे, बदलाच्या वेळा ताडून पाहायच्या आणि शिळे झाले असेल तेवढेच नव्याने बांधायचे, ही मेकची कल्पना तिथून आली. मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, हा जाचही तेव्हाचाच. फेल्डमन यांना तो पुढे खटकला, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांची भिडस्त सोय आजही सगळे भोगत आहेत.

मेकला प्रत्येक यंत्राची कुंडली माहीत नसते. एका युनिक्सवर एक फंक्शन असते, दुसऱ्यावर नसते. कुठे हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची माहिती देणारी फाइल) एका डिरेक्टरीत, कुठे भलतीकडे. हे आधी चाचपून पाहणारी ‘कॉन्फिगर’ नावाची शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडा चालवणाऱ्या शेल या प्रोग्रॅमसाठी लिहिलेली कमांडांची फाइल, तयार करून देणारे ऑटोकॉन्फ हे साधन डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केले. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ ही त्रिपदी तिथून रूढ झाली. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे टर्बो सी या कंपाइलरवर शिकलेल्या पिढीला ‘आल्ट-एफ९ दाबले की कंपाइल’ एवढेच ठाऊक असे. मधल्या या सगळ्या यंत्रणेशी तिची गाठ पडली ती लिनक्सवर पहिला टारबॉल (सोर्सच्या फाइलींचा बांधलेला गठ्ठा) सोडला तेव्हा.

गिटमध्ये कॉन्फिगर ऐच्छिक आहे. नुसते ‘मेक’ म्हटले तरी चालते, कारण मेकफाइल यंत्राचे नाव विचारून बऱ्याच गोष्टींचा अंदाज बांधते. आपल्या आवडीनिवडी ‘कॉन्फिग डॉट मॅक’ या फाइलीत लिहून ठेवता येतात. जानेवारी २०२५ मधल्या २.४८ पासून मेसॉन या नव्या बिल्ड प्रणालीचाही आधार आहे.

अडते कुठे

कंपाइल करणे हा या कामातला सर्वांत निरुपद्रवी भाग. आजच्या लॅपटॉपवर सगळे कोर कामाला लावले तर गिट चहा उकळायच्या आत तयार होते. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर.

आधीचा वेळ जातो हेडर शोधण्यात. पहिल्यांदा बिल्ड करणाऱ्याला बहुधा ‘झेडलिब डॉट एच’ ही फाइल सापडत नाही असा निरोप येतो, आणि तो बुचकळ्यात पडतो, कारण झेडलिब तर यंत्रावर असते. असते ती चालवायला लागणारी लायब्ररी. कंपाइलरला हवे असते हेडर, म्हणजे त्या लायब्ररीत कोणती फंक्शने आहेत आणि ती काय घेतात-देतात याचा तक्ता. वितरक हे दोन भाग वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवतात. हेडरच्या पॅकेजाच्या नावाला डेबियनच्या घराण्यात शेवटी ‘-डेव्ह’ लागते, फेडोराच्या घराण्यात ‘-डेव्हल’. गिटला झेडलिबशिवाय गत्यंतर नाही. लिबकर्ल (एचटीटीपीवरून देवाणघेवाण), एक्सपॅट (एक्सएमएल वाचणे), ओपनएसएसएल (गूढलेखन), गेटटेक्स्ट (अनुवाद) ही मंडळी वगळता येतात, पण प्रत्येकाची किंमत असते.

गेटटेक्स्टची गंमत पाहण्यासारखी आहे. ते नसेल तर बिल्ड बराच वेळ सुरळीत चालतो आणि मग ‘बीजी डॉट एमएसजी’ या फाइलीवर ‘एरर १२७’ म्हणून थांबतो. बीजी म्हणजे बल्गेरियन. इथे बल्गेरियाशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडतो. संबंध एवढाच, की गिटच्या खिडकीवाल्या साधनाचे अनुवाद वर्णानुक्रमे बांधले जातात आणि त्यांत बल्गेरियन पुढे आहे. १२७ हा शेलचा ‘अशी कमांड सापडली नाही’ सांगणारा आकडा. न सापडलेली कमांड अनुवाद बांधणारी ‘एमएसजीएफएमटी’, आणि ती गेटटेक्स्टबरोबर येते. गेटटेक्स्ट बसवावे, किंवा अनुवाद नकोत असे मेकला सांगावे. बल्गेरियन फाइल उघडून तीत चूक शोधण्यात अर्थ नाही.

अशी मोठ्याने ओरडून थांबणारी चूक तशी परवडते. खरा घात करतो तो न थांबलेला बिल्ड. लिबकर्लचे हेडर नसताना नुसते मेक चालवले तर ते तिथेच अडते. तेच कॉन्फिगर आधी चालवले असेल, तर ते लिबकर्ल सापडले नाही अशी नोंद शेकडो ओळींच्या गर्दीत करते, कर्लशिवाय पुढे जायचे ठरवते, आणि शेवटपर्यंत सगळे बिनबोभाट पार पडते. आवृत्ती विचारली तर नवीकोरी सांगते. दुसऱ्या दिवशी एचटीटीपीएसचा पत्ता देऊन क्लोन करायला, म्हणजे दूरच्या प्रकल्पाची प्रत उतरवायला, जावे, तर ‘रिमोट-एचटीटीपीएस’ ही गिटची कमांड नाही असे उत्तर येते. नवखा माणूस मग नेटवर्क, प्रॉक्सी, प्रमाणपत्रे तपासत बसतो. म्हणून कॉन्फिगरने काय सापडले आणि काय नाही म्हटले ते नीट वाचणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग मानायला हवा.

बसवायचे कुठे

तयार फाइली ज्या मुळाखाली जातात त्याला प्रिफिक्स म्हणतात. बऱ्याच साधनांत काही न सांगितल्यास तो ‘/यूएसआर/लोकल’ असतो. गिटची नुसती मेकफाइल मात्र होम डिरेक्टरी धरते आणि गिट तिथल्या ‘बिन’मध्ये नेऊन ठेवते. सर्वांसाठी बसवायचे असेल तर प्रिफिक्स दोनदा द्यावा लागतो, बिल्ड करताना आणि इन्स्टॉल करताना, आणि दोन्ही वेळा तोच. मदतनीस प्रोग्रॅम कुठे आहेत, साचे कुठे आहेत, हे मार्ग कंपाइल होतानाच बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्ये, कोरले जातात. आधी नुसते ‘मेक’ आणि मग ‘सूडो मेक इन्स्टॉल’ला निराळा प्रिफिक्स, असे केल्यास बदल मेकच्या लक्षात येतो आणि ते फाइली नव्याने बांधू लागते, तेही रूट म्हणून. मग सोर्सच्या झाडात रूटच्या मालकीच्या फाइली उरतात आणि पुढचा साधा बिल्ड परवानगीवर अडतो.

प्रिफिक्सची आणखी एक छुपी बाजू आहे. प्रिफिक्स ‘/यूएसआर’ असेल तर गिट साऱ्या यंत्राची कॉन्फिगरेशन ‘/ईटीसी’मधून वाचते. ‘/यूएसआर/लोकल’ असेल तर ‘/यूएसआर/लोकल/ईटीसी’मधून. कोणी व्यवस्थापकाने प्रॉक्सीची ओळ ‘/ईटीसी’मधल्या फाइलीत घातलेली असेल, तर नव्या गिटला ती दिसतच नाही. जुने चालते, नवे चालत नाही, आणि दोष नव्या आवृत्तीला दिला जातो.

इन्स्टॉल झाल्यावर आवृत्ती विचारावी तर जुनीच दिसते, हाही ठरलेला प्रसंग. बॅश ही शेल एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवते. ‘हॅश -आर’ म्हटले किंवा नवे टर्मिनल उघडले की ती नव्याने शोधते. तरीही जुनी दिसली तर ‘पाथ’मध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, डिरेक्टरींचा क्रम पाहावा, ‘टाइप -ए गिट’ म्हटले की त्या यादीत सापडणारी सगळी गिटे ओळीने समोर येतात.

काढून टाकणे त्याहून अवघड. गिटच्या मेकफाइलीत अनइन्स्टॉलची सोयच नाही, आणि पॅकेज मॅनेजरला या फाइलींचा पत्ता नसल्याने तो हात वर करतो. जाणकार म्हणून आधीच प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डिरेक्टरी प्रिफिक्स म्हणून देतात आणि ग्नू स्टो हे साधन वापरून तिथून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये फक्त दुवे टाकतात, आवृत्ती नको झाली की दुवे काढून ती डिरेक्टरीच उडवायची. सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. सोर्सवरून बसवलेल्या साधनाला नवी आवृत्ती आली आहे हे कळण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची.

विश्वासाचा प्रश्न

सोर्सवरून बिल्ड केले म्हणजे आत काय आहे हे कळले, असा एक समज आहे. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या १९८४ मध्ये छापलेल्या व्याख्यानात त्याला सुरुंग लावला: कंपाइलरच बिघडवलेला असेल तर निर्मळ सोर्समधूनही चोरवाट असलेला प्रोग्रॅम बाहेर पडू शकतो, आणि त्या कंपाइलरचा सोर्स वाचूनही ते उमगणार नाही. निदान उतरवलेला टारबॉल वाटेत बदललेला नाही एवढे सहीवरून पडताळता येते. कर्नल डॉट ऑर्गवर गिटची सही दाब काढलेल्या टार फाइलीवर केलेली असते, म्हणून आधी फाइल उलगडायची आणि मग सही तपासायची.

सही तपासून भागत नाही हे मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड युटिल्स या दाबणी-उलगडणीच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरण्याच्या साधनाने) लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले आणि त्यांनी धागा ओढला. टारबॉल प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यानेच काढले होते. चोरवाट जागी करणारी ओळ रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सोर्सच्या उघड साठ्यात, नव्हती; ती फक्त टारबॉलमध्ये, कॉन्फिगर तयार करणाऱ्या एका मॅक्रो फाइलीत होती. हजारो ओळींचे यंत्रनिर्मित कॉन्फिगर कोणी वाचत नाही, हे घालणाऱ्याला पक्के ठाऊक होते. बिल्ड डेबियन किंवा आरपीएम पॅकेजासाठी चालला आहे का हेही ती स्क्रिप्ट तपासून पाही, आणि तसे नसेल तर गप्प बसे. त्यामुळे तोच टारबॉल सोडून हाताने कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल करणाऱ्याच्या वाट्याला साधे, स्वच्छ एक्सझेड आले.