टाकीला नको, नळाला लावा

मराठवाड्यात पाणी एकदा शुद्ध करून भागत नाही. टँकर किंवा विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, पडते, पण पुढे तेच पाणी ड्रममध्ये, हौदात, रांजणात दिवसच्या दिवस पडून राहते. शहरातल्या नळांनाही रोज पाणी कुठे असते? २०१६ साली लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. साठवणीत क्लोरीन उडून जातो आणि तांब्या बुडवणाऱ्या हातांबरोबर जंतू पुन्हा आत येतात. अतिनील एलईडीचा, म्हणजे जंतुनाशक अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरण सोडणाऱ्या छोट्या दिव्याचा, विचार करायचा तो या दुसऱ्या टप्प्यासाठी.

अतिनील किरणांपैकी २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही-सी पट्टा जंतुनाशक असतो. सूर्यही तो सोडतो, पण वातावरणाच्या वरच्या थरांतच तो शोषला जातो. जंतूंचा डीएनए साधारण २६० ते २६५ नॅनोमीटरचे किरण सर्वाधिक शोषतो. त्याने डीएनएमधले थायमिन नावाचे शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. जंतू जागीच मरतो असे नाही, पण त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही. पोटात गेला तरी त्याची वाढ होत नाही, मग आजार होणार कसा? क्लोरीनला दाद न देणारा, जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही या किरणांपुढे सहज नमतो.

युक्ती जुनीच आहे. फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये १९१० साली पाऱ्याच्या दिव्याने पाणी निर्जंतुक केले गेले. १९९२-९३ मध्ये आपल्याकडे कॉलऱ्याच्या नव्या प्रकाराची साथ आली, त्यानंतर मुंबईत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेत ‘यूव्ही वॉटरवर्क्स’ हे स्वस्त यंत्र घडवले. त्यात दिवा पाण्यात न बुडवता पाण्याच्या वर ठेवला होता. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा विचार केला तर ही गोष्ट लाखमोलाची, कारण बुडालेल्या दिव्याच्या क्वार्ट्झ नळीवर क्षारांचा थर चढतो आणि किरण आतच अडतात.

एलईडीने काय बदलले? गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच कुळातल्या पदार्थात अॅल्युमिनियम मिसळले की प्रकाश २६५ ते २८० नॅनोमीटरपर्यंत खाली आणता येतो. पाऱ्याच्या दिव्याला तापायला वेळ लागतो आणि वारंवार चालू-बंद केलेले त्याला मानवत नाही. एलईडी मात्र नळ उघडताच पेटतो, बंद करताच विझतो. तो बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. शिवाय फुटला तर पारा सांडण्याची भीती नाही.

मग टाकीतच का लावू नये? कारण क्लोरीनसारखा याचा अंश पाण्यात मागे उरत नाही. प्रकाशाखालून पाणी पुढे गेले की त्याचे राखणदार कोणी नाही. काही जिवाणू तर साध्या उजेडात आपला बिघडलेला डीएनए दुरुस्तही करतात. म्हणून किरण पेल्याच्या अगदी अलीकडे हवेत. सध्याच्या एलईडीची ताकदही एवढ्याच कामापुरती आहे. पाऱ्याचा दिवा विजेचा साधारण तिसरा हिस्सा जंतुनाशक किरणांत बदलतो, यूव्ही-सी एलईडी अजून जेमतेम काही टक्के. गावाच्या जलकुंभासाठी टीसीएल आहेच, आणि ते बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

विकत घेताना जांभळ्या उजेडावर भुलू नका. यूव्ही-सी डोळ्यांना दिसतच नाही, उलट घातक असतो. नॅनोमीटर आणि पाण्याला मिळणारी किरणांची मात्रा विचारा. दर चौरस सेंटीमीटरला ४० मिलिज्यूल ही प्रचलित मात्रा आहे. अॅडेनोव्हायरससारख्या चिवट विषाणूंना मात्र ती पुरत नाही. पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड सावलीत लपतात, तेव्हा आधी तुरटी फिरवून, निवळून, गाळून घ्यावे. आणि नांदेड जिल्ह्यात किनवटकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, तिथे हा दिवा लावून दात-हाडे वाचणार नाहीत. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार किरणांखालून जसेच्या तसे निघून येतात. त्यांना आरओ किंवा वेगळा गाळणच लागतो.