ग्रीक पुराणकथांचे स्त्रीदृष्टीतून पुनर्कथन

ग्रीक पुराणकथेतील परिचित प्रसंग त्यातल्या स्त्रीच्या तोंडून नव्याने सांगणारा कथाप्रकार. घटना बहुधा मूळच्याच राहतात. सांगणारी बदलली की त्यांतले मोठे काय आणि किरकोळ काय, हे मात्र बदलते. या विषयावर अलीकडे कादंबऱ्या पुष्कळ आल्या, तरी तो खुलतो लघुकथेत आणि स्वगतात. मूळ काव्यांनीच या स्त्रियांना फार थोडे बोलू दिले आहे. होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरील महाकाव्याच्या सुमारे १५,७०० ओळी. त्यातला ग्रीक वीर अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन यांचा कलह ब्रिसेइस या बंदिवान स्त्रीवरून पेटतो. पण ती बोलते एकदाच, एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी, अवघ्या १४ ओळी. नवरा नगरापुढे मारलेला पाहिला, तिघे सख्खे भाऊ गेले, हे त्यातच येते. एवढ्यावर एक नेमकी कथा उभी राहते. कादंबरी करायची तर लेखकाला बरेच पदरचे घालावे लागते.

ही दृष्टी आजची नव्हे. इ.स.पू. ६००च्या सुमारास ग्रीक कवयित्री सॅफोने, जिच्यावरून ट्रॉयचे युद्ध पेटले त्या हेलनकडे प्रेमापोटी घर सोडून गेलेली स्त्री म्हणून पाहिले, तिला दोष न देता. ग्रीक नाटककार युरिपिडीझने ‘ट्रोजन स्त्रिया’ (इ.स.पू. ४१५) या नाटकात पराभूतांच्या बायकांना रंगमंचाच्या मध्यभागी आणले. मात्र आधुनिक कथेचा सर्वांत जवळचा पूर्वज म्हणजे रोमन कवी ओव्हिडची ‘हिरॉइडीझ’ ही लॅटिन पद्यपत्रे. त्यांत पेनेलोपी, मीडिया, अरिअॅडनी अशा पुराणकथांतल्या स्त्रिया आपापल्या पुरुषाला लिहितात. ब्रिसेइस पत्राच्या आरंभीच सांगते, की परकीय हाताला ग्रीक नीट लिहिता येत नाही आणि अक्षरे पुसली आहेत ती आसवांनी. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असते, लिहिणारीला नसते. पुढच्या कथाकारांना सर्वाधिक उपयोगी पडली ती हीच युक्ती.

विसाव्या शतकात मार्गरित युर्सनार यांच्या ‘फ’ (Feux, म्हणजे ‘अग्नी’, १९३६) या फ्रेंच गद्यसंग्रहातील क्लायटेम्नेस्ट्रा, नवरा आगामेम्नॉन याचा खून केलेली राणी, न्यायाधीशांपुढे उभी राहून बोलते. तिच्या बोलण्यात सूडापेक्षा वर्षानुवर्षांची वाट पाहणे अधिक आहे. मरताना तरी नवऱ्याने आपल्याकडे पाहावे, एवढेच तिला हवे होते. तिला निर्दोष ठरवण्याचा प्रयत्न लेखिका करत नाही, आणि म्हणूनच ही कथा आजच्या अनेक कैवारी पुनर्कथनांहून सरस आहे.

मॅडलिन मिलर यांची ‘गॅलटीआ’ (२०१३) ही कथा शिल्पकार पिग्मेलियनने घडवलेल्या आणि त्याची बायको झालेल्या मूर्तीची. ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फसीस’मध्ये ती जिवंत होते, लाजते, आई होते, पण तिला नाव नाही आणि एक शब्दही नाही. मिलर यांची गॅलटीआ नवऱ्याने डांबून ठेवलेली रुग्ण आहे, आणि तिला आपल्या मुलीपर्यंत पोहोचायचे आहे.

राण्या आणि देवतांना वाचा फुटली, दासींना फार उशिरा. होमरच्याच ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात ओडिसियस आणि पेनेलोपी यांचा मुलगा टेलेमेकस बारा दासींना फासावर चढवतो, तत्पूर्वी त्यांच्याकडून पेनेलोपीच्या ठार झालेल्या मागणीदारांची प्रेते उचलून घेतली जातात, रक्ताळलेली मेजे पुसून घेतली जातात. होमर त्यांना जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा देतो आणि पुढे निघतो. मार्गारेट अॅटवुड यांच्या ‘पेनेलोपिअड’ (२००५) या छोट्या कादंबरीत पेनेलोपीच्या निवेदनाला मध्येमध्ये तोडत याच दासी वृंदगान करतात, आणि एका प्रकरणात ओडिसियसवर खटलाही चालतो.